ऑपरेटिंग सिस्टीमची तुलना आणि सोबत येणारे सॉफ्टवेअर : मराठी संगणनाच्या इतिहासातून एक विचार

प्रस्तावना

दोन ऑपरेटिंग सिस्टीमची तुलना करताना त्यांच्यासोबत येणारे सॉफ्टवेअर हिशेबात धरावे की केवळ मूळ प्रणालीचाच विचार करावा, हा वाद संगणकाच्या क्षेत्रात जुना आहे. वरवर पाहता तो संगणकशास्त्राच्या अध्यापकांनी आपसांत मिटवावा असा तांत्रिक वाद वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण असे की, 'मूळ प्रणाली' आणि 'सोबतचे सॉफ्टवेअर' यांच्यामधील सीमारेषा यंत्राने आखलेली नाही. ती निरनिराळ्या काळात निरनिराळ्या ठिकाणी आखली गेली. कधी कंपनीने, कधी न्यायालयाने, तर कधी शासनाने. जी रेषा काळानुसार सरकते तिला इतिहास असतो आणि तो तपासता येतो.

काटेकोर व्याख्येनुसार ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा प्रोसेसर, स्मृती, चकती आणि इतर उपकरणे यांचे व्यवस्थापन करणारा व अन्य आज्ञावलींना काम करण्यासाठी आधार देणारा मूलभूत सॉफ्टवेअरचा संच होय. लेखनाची आज्ञावली, चित्रे काढण्याची सोय, इंटरनेटवरील पाने दाखविणारा ब्राउझर, गाणी वाजविणारी आज्ञावली, अक्षरसंच, कळफलक या गोष्टी त्याच्या बाहेरच्या समजल्या जातात. म्हणून एक पक्ष म्हणतो की, तुलना गाभ्याची व्हावी, कारण बाहेरच्या वस्तू वापरणारा आपल्या आवडीने बदलू शकतो. दुसरा पक्ष म्हणतो की, सामान्य माणूस गाभा विकत घेत नाही, तो पेटी विकत घेतो. तेव्हा पेटीत जे निघेल त्या सर्वांची तुलना व्हावी.

प्रस्तुत लेखकाचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते, परंतु एका अटीसह. सोबतच्या सॉफ्टवेअरची मोजणी संख्येने करू नये. जी वस्तू पेटीत आली नसती तर त्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला ती मिळाली असती काय, आणि जी आली ती त्याला नको असल्यास बाजूला ठेवता आली असती काय, हे दोन प्रश्न विचारून मग ती वस्तू हिशेबात धरावी. या मताला आधार मराठी भाषेच्या संगणकावरील प्रवासाचा आहे आणि तो प्रवास येथे मूलसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिला आहे.

मूल येथून

मूल हे चंद्रपूर–गडचिरोली मार्गावरील, धानाच्या पट्ट्यातील आणि राईस मिलचे गाव. चंद्रपूर पंचेचाळीसेक किलोमीटरवर. या शतकाच्या पहिल्या दशकात अशा गावी संगणक आला तो बहुधा चंद्रपूर वा नागपूरहून, सुटे भाग जुळवून तयार केलेला. दूरध्वनीच्या तारेवरून चालणारे इंटरनेट संथ होते आणि भारनियमनाच्या वर्षांत वीज कधी जाईल व कधी येईल यावर दिवसाचे वेळापत्रक ठरत असे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला "ते इंटरनेटवरून उतरवून घ्या" हे उत्तर पुरेसे होते. पाच-पन्नास मेगाबाइटची फाइल उतरविण्यास रात्र लागावी आणि पहाटे वीज जावी, अशा ठिकाणी ते उत्तर नव्हते. सॉफ्टवेअर मिळण्याचे मार्ग मोजके होते : संगणकासोबत आलेली सीडी, संगणकविषयक मासिकासोबत आलेली सीडी, आणि नागपूरहून कोणी मित्राने आणलेली सीडी.

म्हणून येथे 'सोबत काय आले' हा प्रश्न आवडीनिवडीचा नव्हता. जे सोबत आले तेवढेच होते.

रेषा सरकत गेली

संगणकाच्या आरंभीच्या काळात सॉफ्टवेअरला स्वतंत्र किंमतच नव्हती. यंत्र विकत वा भाड्याने घेतले की आज्ञावली आणि तज्ज्ञांची मदत त्यासोबत येई. आयबीएम कंपनीने जून १९६९ मध्ये आपल्या बऱ्याचशा आज्ञावली व सेवा यंत्रापासून वेगळ्या करून त्यांची किंमत निराळी लावण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकी शासनाने या कंपनीविरुद्ध मक्तेदारीचा खटला दाखल केला होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सॉफ्टवेअर हा स्वतंत्र उद्योग म्हणून वाढण्यास या विलगीकरणाचा मोठा हातभार लागला.

पुढे उलट दिशेने प्रवास सुरू झाला. विंडोज ३.१ वापरणाऱ्यास इंटरनेटला जोडण्यासाठी आवश्यक असणारा संदेशवहनाचा भाग बाहेरून आणावा लागे. ट्रम्पेट विनसॉक ही त्या काळी गाजलेली आज्ञावली. विंडोज ९५ मध्ये तो भाग आतच आला आणि आज त्याला कोणी 'जादा' म्हणत नाही. एमएस-डॉस ६ मध्ये चकतीवरील माहिती दाबून बसविण्याची सोय अंतर्भूत झाली, तेव्हा तोच धंदा करणाऱ्या स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने पेटंटभंगाचा दावा लावला आणि १९९४ मध्ये ज्यूरीने तिला बारा कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. बाहेरची वस्तू आत येते तेव्हा वापरणाऱ्याची सोय होते आणि बाहेर ती विकणाऱ्याचा बाजार बसतो, हे दोन्ही एकाच वेळी घडते.

या प्रश्नावरील सर्वांत गाजलेला खटला मे १९९८ मध्ये अमेरिकी शासनाने मायक्रोसॉफ्टविरुद्ध दाखल केला. इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर विंडोजचा भाग आहे की विंडोजला बांधलेली वेगळी वस्तू आहे, हा त्यातील एक कळीचा मुद्दा होता. खालच्या न्यायालयाने जून २००० मध्ये कंपनीच्या विभाजनाचा आदेश दिला. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने मक्तेदारी टिकविण्यासाठी गैरमार्ग वापरल्याचा निष्कर्ष बव्हंशी कायम ठेवला, मात्र विभाजनाचा आदेश रद्द केला. एक वस्तू दुसरीला बांधण्याच्या मुद्द्यावर त्याने असे धरले की, अशा प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधणीला सरसकट बेकायदा म्हणता येणार नाही. तिचे लाभ व हानी तोलून पाहावे लागतील. युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये गाणी-चित्रफिती वाजविणाऱ्या मीडिया प्लेअरच्या संदर्भात अधिक कठोर भूमिका घेतली, सुमारे ४९ कोटी ७० लाख युरोचा दंड ठोठावला आणि तो प्लेअर नसलेली विंडोज विक्रीस ठेवण्यास भाग पाडले. ती विंडोज एक्सपी एन या नावाने आली. किंमत तीच आणि आत एक वस्तू कमी. ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली यात नवल नाही.

वॉशिंग्टन आणि ब्रुसेल्स येथील या वादांत ब्राउझर व प्लेअर यांचीच चर्चा झाली. अक्षरांची झाली नाही, कारण त्या देशांच्या अक्षरांचा प्रश्न यंत्र जन्मले तेव्हाच सुटलेला होता.

देवनागरी : गाभा की जोड?

रोमन लिपी वापरणाऱ्याच्या दृष्टीने अक्षर पडद्यावर उमटणे हे ऑपरेटिंग सिस्टीमचे इतके मूलभूत काम आहे की ते वेगळे मोजण्याचे त्याच्या मनातही येत नाही. मराठी माणसासाठी तेच काम वीसेक वर्षे 'जोड' या सदरात राहिले.

आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतीय लिप्यांसाठी जे काम झाले त्यातून जिस्ट हे तंत्रज्ञान विकसित झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते काम तेथे पुढे गेले. जिस्ट कार्ड ही संगणकाच्या आत बसविण्याची एक पाटी होती. ती बसविली की डॉसवर चालणाऱ्या इंग्रजी आज्ञावलीत देवनागरी टंकलिखित करता येई. म्हणजे त्या काळी मराठी हे सॉफ्टवेअरही नव्हते; ते वेगळे विकत घ्यावयाचे यंत्रभाग होते. याच परंपरेतून इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली आणि इनस्क्रिप्ट हा कळफलकही प्रमाण ठरला. मानक होते, कळफलक होता. पण बाजारात विकल्या जाणाऱ्या पेटीत यांपैकी काहीच नव्हते.

विंडोजचा काळ आला आणि अक्षरसंचांचे पेव फुटले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती अशी नावे छपाईच्या व्यवसायातील प्रत्येकाच्या तोंडी होती. या अक्षरसंचांची युक्ती अशी की, संगणकाला वाटे आपण रोमन अक्षरेच साठवीत आहोत. केवळ पडद्यावर त्यांचे रूप देवनागरीचे दिसे. प्रत्येक कंपनीची जुळणी निराळी. एका संचात ज्या कळीवर 'क' बसला तेथे दुसऱ्यात 'ध' असू शके. अनेक पॅकेजसोबत संगणकाच्या मागे लावण्याचे एक कुलूप येई, त्यालाच बाजारात डोंगल म्हणत. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे.

या व्यवस्थेने छपाईची गरज उत्तम भागविली, हे मान्य केले पाहिजे. विदर्भातील दैनिके, लग्नपत्रिका, महाविद्यालयांची वार्षिके, निवडणुकीची पत्रके त्यावरच निघाली. पण कागदावर उमटेपर्यंतच मराठी ही मराठी होती. फाइलमध्ये ती मराठी नव्हती. त्यात शब्द शोधता येत नव्हता, याद्या अकारविल्हे लावता येत नव्हत्या आणि दुसऱ्याच्या संगणकावर ती वाचता येत नव्हती. प्रस्तुत लेखकाजवळ २००३ मध्ये तालुक्यातील एका टंकलेखन केंद्रात तयार करून घेतलेल्या लेखाची फाइल आहे. आज ती उघडली असता रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा ढीग दिसतो. छापील प्रत जपून ठेवली म्हणून मजकूर वाचला. स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून ज्या कागदांकडे पुढील पिढी वळेल त्यांतील किती मजकूर अशा ढिगाखाली आहे याची मोजदाद कोणी केलेली नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि देवनागरीला इस्कीच्या धर्तीवर तीत स्थान मिळाले. परंतु संकेत मिळणे आणि पेटीत अक्षर येणे यांत मोठे अंतर असते. देवनागरीत 'कि' मधील वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर पण लेखनात आधी येते; जोडाक्षरांत रूप बदलते; रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ही जुळवाजुळव करणारा भाग प्रणालीत असावा लागतो. विंडोजमध्ये तो फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० पासून मिळू लागला आणि त्यासोबत 'मंगल' हा देवनागरी अक्षरसंच आला. मंगलची रचना र. कृ. जोशी यांची. मराठीतील कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केलेले हे कलावंत २००८ मध्ये निवर्तले. एका मराठी कवीने रेखाटलेली अक्षरे जगभरच्या विंडोजच्या पेटीत गेली ही घटना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सहसा नोंदविली जात नाही; ती नोंदविली जावी असे वाटते.

तरीही पेटीत असणे म्हणजे हाती असणे नव्हे. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत देवनागरीची व्यवस्था होती, परंतु ती चालू नव्हती. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन प्रादेशिक व भाषिक पर्यायांच्या पानावर जटिल लिप्यांसाठीच्या खुणेच्या चौकटीत टिचकी मारावी लागे. ती मारली की प्रणाली मूळ सीडी मागे. जुळवून आणलेल्या संगणकासोबत मूळ सीडी बहुधा नसे. विक्रेत्याने एकाच सीडीवरून अनेक संगणक सज्ज केलेले असत आणि ती त्याच्या दुकानात राहिलेली असे. म्हणजे मराठी सोबत आली होती, तरीही आलेली नव्हती. त्यातूनही कोणी ती चालू केली, नोटपॅडमध्ये दोन पाने लिहिली आणि साठविताना संकेतप्रणाली बदलण्यास विसरला, तर दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये प्रश्नचिन्हांच्या रांगा मिळत. २००७ मधील विंडोज व्हिस्टापासून ही टिचकी अनावश्यक झाली. त्या सहा वर्षांत शेकडो कार्यालये व महाविद्यालये पुन्हा जुन्या अक्षरसंचांकडेच राहिली. त्याची अनेक कारणे असली तरी ही एक लहानशी चौकट त्यांपैकी एक होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सर्व भाषांना देवनागरीचा एकच संच पुरविल्याने मराठीच्या काही खास गरजा मागे पडल्या. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील फरक मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. पहिला विद्यादान करतो, दुसरा पंगतीचा स्वयंपाक. आचाऱ्यातील हा अर्धा 'र' टंकलिखित करण्याचा मार्ग युनिकोडमध्ये होता, पण तो कळफलकावर शोधावा लागे. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र संकेत एप्रिल २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाला. 'ल' आणि 'श' यांच्या मराठी वळणांचा प्रश्न होताच. प्रमाण वर्णमालेविषयीचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय नोव्हेंबर २००९ मध्ये निघाला. या बाबी गाभ्यात मोजाव्या की जोडीत? तांत्रिक व्याख्या त्यांना जोडीत टाकील. मराठीच्या अध्यापकाला मात्र त्यांच्याशिवाय प्रणालीच अपुरी वाटेल आणि त्याचे म्हणणे चुकीचे ठरविता येणार नाही.

दुकानदाराची पेटी आणि दुहेरी माप

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. शासकीय सेवेसाठी तो आवश्यक ठरल्याने शिक्षक, लिपिक, पदवीधर सर्वांनीच तो केला. संगणक साक्षरतेचे असे व्यापक कार्य महाराष्ट्रात पूर्वी झाले नव्हते. त्यात शिकविले गेले ते विंडोज, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि इंटरनेट. परिणामी 'संगणक' या शब्दाचा अर्थच या पाच गोष्टींचा संच असा झाला.

येथे तुलनेतील एक मोठी गफलत लक्षात येते. वर्ड आणि एक्सेल विंडोजच्या पेटीत कधीच नव्हते. विंडोजसोबत येई ते नोटपॅड, वर्डपॅड, पेंट आणि काही खेळ. ऑफिस हे स्वतंत्र व महाग उत्पादन होते. तरीही गावात कोणालाही विचारले तर "विंडोजमध्ये वर्ड असते" असे उत्तर मिळे. कारण ती पेटी मायक्रोसॉफ्टने नव्हे तर दुकानदाराने भरलेली असे. विंडोज, ऑफिस, एखादा मराठी अक्षरसंच, विषाणूरोधक आणि चित्रपटांची गाणी, बहुतेक वेळा परवान्याशिवाय, असा तो संच होता. दुसरीकडे लिनक्सच्या वितरणांत लेखन व हिशेबाची सोय खरोखरच सोबत येत होती. ओपनऑफिसची पहिली आवृत्ती मे २००२ मध्ये निघाली आणि लवकरच बहुतेक वितरणांत समाविष्ट झाली. जून २००५ मधील डेबियन ३.१ तर १४ सीडींवर पसरलेले असून त्यात सुमारे १५,४०० पॅकेजेस होती. पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सच्या सीडी येत. उबुंटूची सीडी तर मागणी नोंदविल्यास टपालाने विनामूल्य घरी येई. ती योजना एप्रिल २०११ मध्ये बंद झाली.

म्हणजे तुलना अशी होत होती : एका बाजूला विंडोज अधिक दुकानदाराने फुकट घातलेले ऑफिस, आणि दुसऱ्या बाजूला लिनक्स, ज्यातील ओपनऑफिस 'आपल्या अभ्यासक्रमात नाही' म्हणून हिशेबात नाही. सोबतचे सॉफ्टवेअर मोजू नये असे म्हणणारे ते विंडोजच्या बाबतीत नकळत मोजत होते. केरळने याच दशकात शालेय संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले, तेव्हा तेथे पेटी शासनाने भरली, एवढाच काय तो फरक.

याउलट गफलत सुरक्षिततेच्या तुलनेत झाली. २००४-०५ च्या सुमारास दोन प्रणालींत आढळलेल्या उणिवांची संख्या मोजून निष्कर्ष काढण्याची प्रथा पडली होती. लिनक्सच्या बाजूला हजारो पॅकेजमधील उणिवा एकत्र मोजल्या जात आणि विंडोजच्या बाजूला केवळ विंडोजच्या. पंधरा हजार आज्ञावलींतील दोष एका पारड्यात टाकावयाचे असतील तर त्या पंधरा हजारांचा उपयोगही त्याच पारड्यात टाकावा लागेल. लिनक्सचे काही पुरस्कर्तेही या बाबतीत निर्दोष नव्हते. उपयोग सांगताना ते संपूर्ण वितरण मोजत आणि दोष सांगताना केवळ गाभा.

पंधरा हजारांतील किती मूलमध्ये उपयोगी पडत, हा प्रश्नही विचारला पाहिजे. देवनागरीच्या दृष्टीने पाहता, मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात झालेले इंडिक्सचे काम, इंडलिनक्सच्या स्वयंसेवकांनी केलेली भाषांतरे आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिलेला लोहित अक्षरसंच यांचे मोल त्या हजारोंपेक्षा अधिक होते. लोहितमधील एखादे जोडाक्षर चुकले तर ते दुरुस्त करून पुन्हा वाटण्याचा अधिकार कोणालाही होता. व्यवहारात मात्र त्या काळच्या वितरणांत जोडाक्षरे एका आज्ञावलीत नीट आणि दुसऱ्यात तुटलेली दिसत, छपाईत निराळाच प्रकार होई, आणि तालुक्याच्या गावी ते सांगणारे-समजणारे माणूस मिळत नसे. अधिकार होता, कारागीर नव्हता.

फोनचा काळ आणि शासनाची पेटी

संगणकाविषयी जे वाद वीस वर्षांपूर्वी झाले ते पुढे मोबाइल फोनवर आले. २०१० च्या आसपास अनेक अँड्रॉइड फोनवर मराठी संदेश चौकोनी चौकटींच्या रांगेसारखा दिसे. संगणकावर निदान बाहेरून अक्षरसंच आणून बसविता येत होता. फोनमध्ये सामान्य वापरणाऱ्यास तेही शक्य नव्हते. येथे आरंभी मांडलेली कसोटी पूर्णपणे लागू पडते. जी वस्तू बाहेरून आणताच येत नाही ती जोड नसून गाभाच होय.

दुसरी कसोटी, म्हणजे नको ते बाजूला ठेवता येण्याची, भारतीय स्पर्धा आयोगापुढे आली. गुगलने फोन बनविणाऱ्या कंपन्यांशी केलेल्या करारांत आपली ॲप्स एकत्रितपणे आधीच बसविण्याची अट घातली होती. आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ती अन्याय्य ठरवून १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, आयोगाचे काही निर्देश मात्र रद्द केले. ब्रुसेल्सने मीडिया प्लेअरविषयी जे म्हटले त्याचे हे भारतीय रूप होय.

परंतु याच काळात शासनाने उलट दिशेनेही पाऊल टाकले. भारतीय मानक १६३३३ च्या तिसऱ्या भागान्वये, भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइल फोनवर आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे, तसेच इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेत लिहिण्याची सोय असली पाहिजे, असा नियम २०१६ मध्ये करण्यात आला. एका हाताने बांधणी सोडविणारे शासन दुसऱ्या हाताने बांधणीचा आदेश देते, यात विसंगती आहे काय? प्रस्तुत लेखकास ती वाटत नाही. ब्राउझर बदलता येतो आणि त्याचे पर्याय उपलब्ध असतात, म्हणून तो लादणे अयोग्य. लिपीला पर्याय नसतो, म्हणून ती पुरविणे आवश्यक. दोन्ही निर्णयांत सोबतचे सॉफ्टवेअर हिशेबात धरलेलेच आहे, केवळ त्याची किंमत निरनिराळी ठरली आहे.

या नियमाची सीमा मात्र आमच्या परिसरातच दिसते. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाल्यानंतर चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांनी सामूहिक हक्कांचे दावे केले. मेंढा (लेखा) या गावाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला. ग्रामसभेत चर्चा अनेक ठिकाणी गोंडीत होते आणि ठराव मराठीत लिहिला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार आहेत, तरीही गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. तिच्यासाठी मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपी जून २०१७ मध्ये, आणि आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा येथील हस्तलिखितांतून पुढे आलेली लिपी जून २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. दोहोंचे मुक्त अक्षरसंच गुगलच्या नोटो प्रकल्पातून उपलब्ध आहेत. परंतु २२ भाषांच्या नियमात गोंडी बसत नसल्याने फोन बनविणाऱ्यावर ते पेटीत घालण्याचे बंधन नाही. देवनागरीत लिहिलेली गोंडी आज कोणत्याही फोनवर दिसते ती मराठी-हिंदीसाठी झालेल्या कामाच्या आधाराने. मसराम लिपीत लिहिलेली गोंडी समोरच्याच्या फोनवर अक्षरे म्हणून उमटेल की चौकटी म्हणून, हे त्याने कोणता फोन घेतला यावर अवलंबून राहते. विंडोजसोबत आलेल्या अक्षरसंचाचे आणि या मुन्शींचे नाव एकच असावे, हा केवळ योगायोग.